गुरवकाकांचं एक वाक्य

आज सकाळी गुरवकाकांना हार्ट अटॅक आला आणि काकूंना वाटलं, तालीम चाललीय.

दोनदा लिहून डिलीट केलं. पण हे असंच झालंय.

काका फौजेतले निवृत्त हवालदार. वागळे इस्टेटच्या एका कंपनीत सिक्युरिटीला होते. आणि डोंबिवलीच्या आमच्या नाटकाच्या ग्रुपमधले सगळ्यात हट्टी नट.

आमच्याकडे फौजी आणि त्यांच्या बायका स्वतःच्याच घरातलं नाटक करतात. माणूस बॉर्डरवरून परत येतो, डोकं तिथेच राहतं. ते घर कसं सोसतं, त्याचं नाटक.

काकूंनी अकरा वर्षं भात पातेल्यात शिजवला. कुकरची शिट्टी झाली की काका ताटावरून उठून जायचे.

नाटकात काकूंना म्हणायचं एकच वाक्य त्यांना जड जायचं.
"सुनंदा, मला भीती वाटतेय."

"ताई, हवालदार असं बोलतो होय?" ते मला म्हणायचे.

"घरी कधी बोललात काकूंना?"

"छ्या! काहीतरीच."

चार महिने ते वाक्य गिळत राहिले. शेवटी मी, अतिशहाणी दिग्दर्शिका, दोघांना होमवर्क दिला. घरी कामं करता करता, न सांगता, काकांनी वाक्य टाकायचं. काकूंनी लगेच आपलं उत्तर द्यायचं.

आज काकू मेथी निवडत होत्या. काका सोफ्यावर बसले आणि म्हणाले,
"सुनंदा, मला भीती वाटतेय."

काकूंनी मान वर न करता नाटकातलं उत्तर दिलं. "मी आहे ना इथे."

आणि काकांच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या.

मग वर बघितलं.

डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तरी फरक पडला नसता. काकूंना ते पटत नाहीये. मलाही नाही.

नियम माझा होता. काकूंचा नाही. सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे भेटायला जाल तेव्हा "तुमचं लक्ष कसं गेलं नाही?" असं कोणीही त्यांना विचारू नका. प्लीज.

रविवारचा ठाण्याचा प्रयोग रद्द केलाय.

दुपारी मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"अगं, इतकं छान बोलले गं! अजिबात अडखळले नाहीत. मला वाटलं, जमलं बाई एकदाचं. मी खूश झाले गं."

काका, शेवटचा नमस्कार. तुमच्या ताईला माफ करा.