वहिनीच्या सूपचा नमुना

शंकाबाई हे नाव तिला प्रयोगशाळेतल्या लोकांनी ठेवलं, पण उचलून धरलं ते घरच्यांनी. कुणी जेवायला बोलावलं की ही बया आधी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावणार, ओट्यावरचं फडकं हुंगणार आणि मग "मला फारशी भूक नाही" म्हणून नुसतं पाणी पिणार. तेही उकळलेलं! तरीही लोक तिला बोलवत, ते केवळ तिच्या भावाकडे बघून.

तिचं कामच तसलं. शाळांच्या आणि दवाखान्यांच्या स्वयंपाकघरांतून येणारं अन्न तपासायचं. पूर्वी जंतू बशीत वाढवून बघावे लागत. त्यात एक-दोन दिवस सहज जात आणि तोवर ते अन्न कुणाच्या तरी पोटात गेलेलं असे. मग रामन यंत्र आलं. थेंबावर लेझर सोडायचा. त्यातली प्रत्येक गोष्ट तो प्रकाश आपापल्या परीनं बदलून परत टाकते आणि पडद्यावर उंचसखल रेघ उमटते. कुठल्या जंतूची रेघ कशी, हे शंकाबाईला शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांसारखं पाठ झालं होतं.

यंत्राला एक खोड मात्र होती. जखमेत पू करणारा एक सोनेरी जंतू असतो. त्याचा पिवळा रंग आणि गाजराचा रंग एकाच घराण्यातले. त्यामुळे गाजर दिसलं की यंत्र बोंब ठोकायचं. एकदा प्रयोगशाळेच्या साहेबांनी गाजराच्या रसापायी एक चांगलं चालतं दुकान बंद करायला लावलं आणि पुढे कित्येक दिवस त्या रस्त्यानं तोंड लपवून फिरले. तेव्हापासून ते पडद्याकडे न बघताच म्हणत, "गाजर असेल हो, सोडा."

त्या सकाळी आलेला नमुना होता शाळेतल्या गाजराच्या सूपचा, आणि सूप केलं होतं तिच्या वहिनीनं. आई गेल्यावर हिच्या वेण्या घालण्यापासून हिला नोकरीला लावण्यापर्यंत सगळं वहिनीनं केलेलं. आता शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे वहिनीचा जीव की प्राण. यंत्रानं बोंब ठोकली.

"गाजर," साहेब म्हणाले. "वहिनींना सांगा, सूप जरा पातळ करा." आणि चहाला गेले.

शंकाबाईलाही तेच हवं होतं. गाजर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, विचारणार कोण? पण स्वभाव आडवा आला. तिनं सूप गाळलं, गरगर फिरवून तळाचा साका काढला आणि मिठाच्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुतला. गाजर वाहून गेलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या गोल कणांच्या झुबक्यावर नेम धरून तिनं लेझर सोडला. पिवळ्या रंगाच्या खुणा रेघेत जागच्या जागी होत्या, आणि बाकीची रेघही त्या जंतूचीच. शाळेची जेवणाची सुट्टी होतच आली होती. तिनं फोन लावला.

"वहिनी, सूप वाढू नकोस."

"का गं? मीठ जास्त झालं?"

"जंतू आहेत त्यात. तुझ्या हाताला काही लागलंय का?"

"सुरी लागली होती बोटाला. चिंधी बांधून केलं. काल संध्याकाळीच करून ठेवलं, सकाळी घाई नको म्हणून. पण गाजराला तुझं यंत्र बिचकतं ना? तूच सांगत होतीस."

"गाजर धुऊन काढलं, वहिनी."

"मग परत खळखळून उकळते."

"जंतू मरतील गं. त्यांनी सोडलेलं विष नाही मरत."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. मोठं पातेलं फरफटत नेल्याचा आला, मग मोरीत काहीतरी ओतल्याचा. मागे पोरांचा गलका चालूच होता.

"ब्रेड आणि केळी देते आज," वहिनी परत येऊन म्हणाली.

"देऊन टाक. कुणी खाल्लेलं नाही, मग बभ्रा कशाला? मी गाजर म्हणून नोंदवते. तू फक्त बोट बरं होईपर्यंत..."

"दुसऱ्या कुणाचं सूप असतं तर काय केलं असतंस?"

शंकाबाईनं नोंदीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"सांग की."

"नोटीस पाठवली असती. स्वयंपाकघर बंद करायची."

"मग मलाही पाठव. पण शिपायाबरोबर नको, तूच घेऊन ये. परक्या माणसासमोर मला रडता येत नाही."