दिरांचं हसू

लग्न होऊन मी सांडोर गावी आले ती दादरच्या चाळीतून, आणि आल्या दिवसापासून 'मुंबईची शहाणी' हे नाव पडलं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. धाकटे दीर केळीच्या घडाला टेकू द्यायला वाडीत गेले आणि तळपायात बांबूचं टोक घुसून लंगडत परतले. सासूबाईंनी हळदीत शेण कालवून जखमेत गच्च भरलं. त्या घरची रीतच ती. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं, हे मला शाळेपासून ठाऊक. ओठांवर आलंही होतं. पण आदल्याच दिवशी 'पाणी उकळून प्या' म्हटलं म्हणून बोलणी खाल्ली होती. म्हटलं, मरू दे, मला काय करायचंय! आपण सहज म्हणतो हो असं.

जखम छान सुकली. ना पू, ना सूज. आठव्या दिवशी सकाळी चहासाठी दिरांचं तोंड उघडेना. दुपारपर्यंत ते हसायला लागले. भुवया वर, ओठ दोन्हीकडे ताणलेले आणि डोळ्यांत नुसती भीती. मी पाठ करून उभी राहिले, तरी ते हसू मानेवर जाणवत होतं. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं लागलंय. मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या तडतडल्या आणि दिरांची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. अगं आई गं! 

इस्पितळात त्यांना पडदे ओढलेल्या खोलीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "काही जंतू मांस पोखरत आत शिरतात. जखम चिघळते, तेव्हा कळतं तरी. हे तसले नाहीत. हे तळपायातच बसून राहतात, विष तेवढं नसांतून वर जातं."

उजेड नको, आवाज नको, हात लावायचा नाही. बाहेर भांडं वाजलं तरी शरीर ताठ व्हायचं. सासूबाई दाराबाहेर पदराचा बोळा तोंडात धरून बसायच्या, हुंदका आत जाऊ नये म्हणून. चौथ्या दिवशी दीर गेले. तसेच हसत.

तेराव्यानंतर सासूबाईंनी मला मागच्या दारी गाठलं.

"डॉक्टर बोलले, सुई घेतली असती तं वाचला असता. तू शिकलेली. तुला म्हाईत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "होतं."

"मंग बोलली का नाय?"

"तुम्ही रागवाल म्हणून."



"रागवली असते गो," त्या म्हणाल्या. "चार शिव्या दिल्या असत्या. तेवढंच ना?"