घंटेत कोंबलेल्या चिंध्या

थोरल्या जाऊबाई गेल्या आणि घरात जो तो त्यांना देवमाणूस म्हणायला लागला. नातसून म्हणाली, आजी, तुम्ही बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलंत, त्यांच्यावर काहीतरी लिहा. लिहिते. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण एवढ्याला पुरेल.

जाऊबाई मायाळू होत्या, ते खोटं नाही. मुंगी पाण्यात पडली तर काडी घालून काढायच्या. मालिकेतली सून रडली की ह्यांचं नाक लाल.

आम्ही दोघी इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत होतो. वर आम्ही इस्त्रीवाल्या, खाली तळघरात धुणाऱ्या. त्या ठेकेदाराने कुठून कुठून आणलेल्या. जाऊबाई मुकादम. खालच्यांना त्यांनी नाव पाडलं, ओले. ओले वर आले, ओल्यांना पाणी हवंय. बाई नाही, माणूस नाही, ओले. ओल्यांना उकडत नाही म्हणून खालचा पंखा काढून वर लावला. त्याचा वारा मीही खाल्ला. ओल्यांवरून थट्टा चालली की सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे, मुकादमीण घरचीच ना.

वाफेचे नळ खाली होते, पण ते बंद करायचं चाक वर, जाऊबाईंच्या खुर्चीशेजारी. खाली काही बिनसलं की खालच्यांनी दोरी ओढायची, वर तीनदा घंटा झाली की चाक फिरवायचं. पण ओले उगाच वाजवतात, डोकं उठतं, म्हणून जाऊबाईंनी घंटेत चिंध्या कोंबल्या. मग ती वाजायची नाही, नुसती धपधपायची.

एका दुपारी जाऊबाई मांडीवर मांजरीचं पिल्लू घेऊन त्याला बोटाने दूध चाटवत होत्या. घंटा धपधपली. मी मोजलं.

"जाऊबाई, तीनदा झाली."

"चहाची तल्लफ आली असेल ओल्यांना. त्यासाठी ह्याला अर्धपोटी उठवू का?"

मी पुन्हा इस्त्री फिरवायला लागले. लिहायला जड जातंय, पण लागले. पुन्हा तीनदा धपधप. मग खालून किंकाळी आली. ती काही चिंध्यांना अडली नाही. मी उठले, दोन्ही हातांनी चाक आवळलं. जाऊबाईंनी तेव्हाही पिल्लू खाली ठेवलं नव्हतं.

नळ फुटला होता. एकजण त्याच्यापुढे सापडली. ती वाचली, पण तिला ओढून काढताना दुसरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवशी साहेब चौकशीला येणार होते. कामावर जाताना जाऊबाईंचे डोळे सुजलेले दिसले. मला वाटलं, त्या हातांसाठी रडल्या. तसं काही नव्हतं.

"घंटा झालीच नाही, एवढंच सांग. चिंध्या मी काढून टाकल्यात."

"झाली होती, जाऊबाई."

"एका ओलीपायी घरच्या माणसाला घालवशील?"

आवाज अगदी मऊ होता, पिल्लाशी बोलायच्या तसाच.

साहेबांना मी सांगितलं, दोन वेळा तीन-तीनदा घंटा झाली, आणि ती मीही ऐकली. मला बोलणी बसली, जाऊबाईंची मुकादमी गेली. त्या मरेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात तेवढी शांतता झाली, आणखी काय.

रविवारी डबा घेऊन इस्पितळात गेले. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कुणाला भेटायचंय? म्हटलं, लॉन्ड्रीतल्या भाजलेल्या बाईला. तो म्हणाला, भाजलेल्या सहाजणी आहेत, नाव सांगा.

चार वर्षं ती माझ्या पायाखालच्या मजल्यावर चादरी धूत होती. माझ्या तोंडाशी एकच शब्द आला. तो गिळला आणि भरला डबा घेऊन परत आले.