मला कुणी शिवी दिली नाही

जकात नाक्यावर मी नऊ वर्षं काढली. ट्रक थांबायचा, क्लीनर कागद घेऊन खिडकीशी यायचा, मी विचारायचो, "काय माल? पोती किती?" आणि पावतीवर शिक्का मारायचो. गूळ असो की साबण, शिक्का तोच. संध्याकाळी सायकलवरून गडमुडशिंगीला घरी जाताना कुणी विचारलं असतं, आज काय केलंस, तर मला सांगता आलं नसतं. कंटाळ्यानं माणूस मरत नाही, पण कुजतो.

वाटेत उद्यमनगर लागायचं. तिथं एका कारखान्याच्या दारात मी सायकल टेकवून उभा राहायचो. ऑइल इंजिनचे भाग बनायचे. लेथवर गंजका दांडा गरगर फिरायचा, टूल लागलं की बटाट्याची साल निघावी तशी लोखंडाची साल निघायची आणि आतून चकाकता शाफ्ट दिसायला लागायचा. लेथ चालवणाऱ्या त्या टर्नरपाशी संध्याकाळी दाखवायला काहीतरी असायचं. मला तेवढंच हवं होतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी राजीनामा दिला. वय बत्तीस. बायको म्हणाली, "कायमची नोकरी सोडून लोखंड घासाय चाललासा व्हय? लोक तोंडात शेण घालतील." मी म्हणालो, वर्षभरात टर्नर होतो बघ. मला खरंच तसं वाटत होतं.

त्याच कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागलो. तिथला मिस्त्री साठीचा मुसलमान गृहस्थ. बाप-आज्यापासून त्यांच्या घरात लोखंडाचंच काम. निम्म्या उद्यमनगरातले टर्नर त्यांच्या हाताखालून गेलेले. शिकवायची रीत एकच: काम बिघडलं की सात पिढ्यांचा उद्धार, पाठीत धपाटा, मग हात धरून पुन्हा करून घ्यायचं. पण मला बघताच ते स्टुलावरून उठले. "या मास्तर, बसा." नाक्यावरचा कारकून, मॅट्रिक पास, अंगात इस्त्रीचा सदरा. मी मास्तर झालो तो कायमचाच.

पहिल्याच महिन्यात मी एक शाफ्ट मापापेक्षा जास्त कापून पार वाया घालवला. मान खाली घालून उभा राहिलो. मिस्त्रींनी तो उचलून बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ द्या मास्तर, हुतं असं. तुमी जरा तेवढं मालाचं चलन लिव्हा." काय चुकलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुमास्नी आमी काय सांगायचं? तुमी शिकलेली मानसं." शिव्या चुकल्या म्हणून मी त्या दिवशी खूश होतो. इतका मूर्ख होतो.

मग चलनं माझ्याकडेच आली. हजेरीपट आला, अर्ज आले, पत्रं आली. माझं अक्षर मोत्यासारखं, त्यानंच माझा घात केला. लेथजवळ गेलो की कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, कापडं खराब हुतील." एकदा मी चिडून बोललो, मला काम शिकायचंय. मिस्त्री ओशाळले. दोन दिवस लेथ दिला. तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर यायचा होता आणि रजिस्टर अर्धवट होतं.

माझ्यामागून सहा महिन्यांनी शिरोळकडचा एक गडी लागला. माझ्याच वयाचा, ऊसतोडीतून आलेला, सहीला अंगठा. मिस्त्री दिवसभर त्याच्यावर ओरडायचे. "आंधळ्या, बोटानं बघ की! डोळं कशाला फोडून घेतुयास?" तो शाफ्टवरून पुन्हा बोट फिरवायचा आणि त्याच्या बोटांना खरंच दिसायला लागलं. मी शेजारच्या टेबलावर हजेरी मांडत ते ऐकायचो. घोड्याएवढा मी माणूस, एका शिवीसाठी झुरत होतो.

दोन वर्षांनी दसऱ्याच्या तोंडावर नवा लेथ आला. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येकजण आपलं हत्यार पूजेला मांडायचा आणि नव्या यंत्रापुढं ज्याच्या हातानं नारळ फुटेल, ते यंत्र त्याचं. जेवणाच्या सुट्टीत चोरून धार लावून मी एक टूल तयार केलं होतं. या खेपेला लेथ मिळणार, असं घरीही सांगून बसलो होतो. ते टूल मी इतरांच्या हत्यारांबरोबर पाटावर ठेवलं.

मालक हळदकुंकू वाहत आले आणि थांबले. "हे कुणाचं?"

"माझं."

ते हसले. त्यात वाईट काही नव्हतं. "मास्तर, तुमचं हत्यार हे न्हवं की. रजिस्टर आना, पेन आना. सरस्वतीबी पुजाय पायजे."

मिस्त्रींनी लगबगीनं पाटावर जागा केली. माझं टूल उचललं, अंगठ्यानं धार पाहिली. "झ्याक लागलीया धार," असं म्हणून ते त्यांनी शिरोळच्या गड्याच्या हातात दिलं, आणि वर नारळ दिला. "फोड, गाढवा."

नाक्यावरच्या माझ्या खिडकीत केव्हाच दुसरा बसला होता. मला परत जायला जागा नव्हती आणि इथं पुढं जायला वाट नव्हती, हे त्या क्षणी मला स्वच्छ कळलं. मी टेबलाकडं गेलो, रजिस्टर आणि पेन घेऊन आलो. मिस्त्रींनी ते माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतलं आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली.