केळीच्या गावातलं प्रवचन

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी प्रवचनं करायला लागलो. कीर्तन मला जमलं नसतं, गळा नाही. पण बैठकीवर बसून तासभर बोलता येतं. जळगाव-धुळ्याच्या गावांतून बोलावणी यायची आणि विषय बहुधा एकच असायचा. सृष्टीतून काही घेण्याआधी इतरांचा वाटा बाजूला काढावा, उरेल ते आपलं मानावं, गरजेपेक्षा जास्त साठवणं हीसुद्धा चोरीच, ही आपल्या धर्माची शिकवण मी झाडं, पाणी आणि मजुरी यांच्याशी जोडून सांगायचो. लोकांना आवडायचं. मलाही आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे.

काही वर्षांपूर्वी साक्रीच्या पश्चिमेकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. तिथल्या शाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी शिकवते, तिनेच बोलावलं होतं. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. दुपार कलल्यावर शाळेच्या ओसरीत माणसं जमली. मी जंगल राखण्याबद्दल बोललो. झाड तोडताना पुढच्या पिढीचा विचार करा, घ्या पण ओरबाडू नका, असं बरंच काही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी मी सवयीने विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? सहसा कुणी विचारत नाही.

समोर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगं ते खरं शे. पन हाई बठ्ठं तुम्ही केळीस्ना गावमा बी सांगतस का?"

"का हो अक्का?"

"आम्ही तठे मजुरी करी. जमीनमातलं पानी खाले खाले जास तठे."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. मी म्हणालो, "सांगतो की, सगळीकडे सांगतो." हे खोटं होतं.

मी मुक्कामाला तिथेच होतो. सकाळी ती म्हातारी मला मोहाच्या झाडांकडे घेऊन गेली. फुलं वेचायच्या आधी वाघदेवाच्या दगडाच्या पाया पडायचं, हे मला ठाऊक होतं. पण बाकीचं तिने चालता चालता सांगितलं. कडेच्या फांद्यांखालची फुलं कुणी उचलत नाही, ती जनावरांची. ज्या घरात कर्ता पुरुष उरला नाही, त्या घराला एक झाड जास्त दिलेलं असतं, आणि त्या झाडाखाली दुसरं कुणी टोपली घेऊन जात नाही. हे ती शिकवण म्हणून सांगत नव्हती. घरात पाण्याचा हंडा कुठे ठेवतात हे सांगावं, तितक्या सहज सांगत होती. मी आदल्या दिवशी यांनाच तासभर उपदेश केला होता.

तिचा प्रश्न मला लागला त्याला कारण होतं. माझा थोरला भाऊ जळगावच्या पूर्वेला, आमच्या गावी केळी करतो. शेत सामाईक आहे, कष्ट त्याचे आणि उत्पन्नात वाटा माझाही. त्या भेटीच्या दोन उन्हाळे आधी त्याने जुन्या बोअरशेजारी आणखी खोल बोअर मारली. त्यानंतर शेताच्या कडेला असलेल्या मजुरांच्या वस्तीवरचा हापसा कोरडा पडला. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन लांब गावातल्या टाकीवर जाऊ लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यावर एक शब्द बोललो नव्हतो.

त्याच वर्षी गावच्या मारुती मंदिरात सप्ताह होता. एका दिवसाचं प्रवचन माझ्याकडे आलं. भाऊ पहिल्या रांगेत होता. मी नेहमीसारखी सुरुवात केली, पण अर्ध्यावर आल्यावर म्हणालो, "वस्तीचा हापसा ज्या बोअरमुळे आटला, ती बोअर माझ्या घरची आहे. त्या पाण्यावर वाढलेल्या केळीचं मीही खातो. तेव्हा वाट्याबद्दल तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही."

मी पुढचं कसंबसं संपवलं. भावाने आरती घेतली, प्रसाद घेतला आणि तो निघून गेला.

घरी पोहोचलो तर तो ओट्यावर बसला होता.

"तुले माहीत होतं, तं घरी बोलाचं होतं," तो म्हणाला. "मंदिरात कायले?"

"घरी बोलायचा धीर झाला नाही."

"आनि मंदिरात झाला?"

बैठकीवरून बोलताना मध्ये कुणी तोंड घालत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तो पुढे म्हणाला, "माही केळी वाळली तं त्याच वस्तीले काम कोन देईन, ते बी सांगाचं होतं लोकाईले." मग तो उठून आत गेला. त्याचं म्हणणं सगळंच चुकीचं नव्हतं.

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. भावाने बोअरपासून वस्तीपर्यंत पाइप टाकला होता आणि हापशाशेजारी नळ बसवला होता. सकाळी तासभर पाणी सुटत होतं. "तुमच्या प्रवचनानं नाही केलं, असं सांगाले सांगतलं त्याहीनं," वहिनी म्हणाल्या.

मला बरं वाटलं, आणि महिनाभराने मी थोडा ताठ मानेनेच वस्तीवर गेलो. नळावर एक बाई हंडा भरत होती. तिने आधी मला बसायला बाज दिली, मग सरळ म्हणाली, "हापसा आमचा होता. नळ भाऊचा शे. उद्या त्याहीनं बंद केला, तं आम्ही कोनाले इचारनार?"

इतकी वर्षं मी वाट्याबद्दल बोलत होतो. पण एखाद्याचा वाटा त्याला देणं आणि त्याच्यावर उपकार करणं यातला फरक मी एकदाही कुणाला समजावून सांगितला नव्हता. बहुधा मलाच तो नीट दिसला नव्हता.

या वेळी मी भावाशी ओट्यावर बसून बोललो. बाईचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला आणि "पाहू" म्हणाला. पुढच्या पावसाळ्यात त्याने हापशाभोवती खड्डा खणून दगड-वाळू भरून घेतली आणि शेतातलं पावसाचं पाणी चर काढून तिकडे वळवलं, ते तिथे मुरून हापसा पुन्हा चालावा म्हणून. पावसाळा सरल्यावर खोल बोअरवर भिजणारी जमिनीची एक पट्टी केळीतून काढून तिथे कमी पाण्यावर येणारा हरभरा पेरला. पट्टी लहानच आहे. बाकी केळी आहे तशी आहे.

केळीच्या गावांतून मला आता बोलावणी फारशी येत नाहीत. एका गावाने तारीख ठरवून मग रद्द केली, कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पश्चिमेच्या पाड्यांवर मी जातो, पण प्रवचन करत नाही.

गेल्या हिवाळ्यात भावाचा फोन आला होता. हापशाला सकाळी दोन-तीन हंडे पाणी येतं, नंतर तो कोरडा ओढतो, असं त्याने सांगितलं. नळ अजून चालू ठेवलाय, हेही सांगितलं.