काळ्या शाईतली आई

आमची आई गेल्यावर वर्षाच्या आत आधी गोरी झाली, मग हिरवी झाली आणि शेवटी झाडून सगळ्या पाहुण्यांच्या कपाळाला लागली. यातलं गोरं करायचं काम धाराशिवच्या एका स्टुडिओवाल्याचं. बाकी सगळं कर्तृत्व माझं!

आईचा धड असा एकच फोटो घरात होता. तरुणपणीचा, काळा-पांढरा, तळहाताएवढा. कपाळावर ठसठशीत गोंदण. घराबाहेर निघालेल्या कुणालाही, अगदी नोकरीला लागलेल्या मलासुद्धा, कानामागं काजळाची तीट लावल्याशिवाय न सोडणारी ती बाई. तिच्या वर्षश्राद्धाला तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा, एवढंच अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं मागणं होतं. स्टुडिओवाल्यानं फोटो मोठा केला, आईला गोरीपान केलं आणि डाग समजून गोंदण पुसून टाकलं.

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. "आरं, ही कुणाची बाई आणलीस घरात?"

"अण्णा, आई हाय ती."

"तुझी आसंल! माझ्या बायकूच्या कपाळाला गोंदण हाय."

फोटो उलटा ठेवून ते उठले आणि त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाहीत. मी म्हणालो, "मी घरीच काढतो फोटो. प्रिंटर कशाला घेतलाय?"

"अहो, त्याच्यावर पोरीच्या परीक्षेचं हॉलतिकीटसुदिक सरळ येत न्हाय," आमची ही, म्हणजे सुनीता म्हणाली. (तिला माझ्या कलेची कदर कधीच नव्हती.)

मी चकचकीत फोटोचा कागद आणला, मिळतील त्या कंपन्यांच्या रंगीत शायांच्या बाटल्या आणल्या आणि आईला प्रिंटरमधून बाहेर काढलं. आई हिरवी! काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रिंटर आपल्या मनानं रंगीत शाया मिसळतो, हे मला कुठं ठाऊक? मी हिरवा कमी करायला गेलो, तर आई जांभळी झाली.

अण्णा शांतपणे म्हणाले, "हिरवीच बरी होती."

मग मी डोकं चालवलं. (माझ्या घरातले सगळे अपघात याच वाक्यापासून सुरू होतात.) फोटो काळा-पांढरा. पांढरा रंग कागदाला असतोच. मग लागतं काय? नुसतं काळं! मी कार्यालयातल्या कागदपत्रांसाठी असते ती गर्द काळी शाई आणली आणि रंगीत शाया बंद करून फक्त तीच चालवली.

आणि काय सांगू! साक्षात आई बाहेर आली. डोळे तेच, नाकातली मोरणी तीच, कपाळावर गोंदण. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग एवढंच म्हणाले, "व्हय. हीच." माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तटतटलं.

"काच लावून घ्या आधी," सुनीता म्हणाली.

"काच लावली तर कागदाची चमक कशी दिसंल?" मी म्हणालो. ती गर्द शाई असल्या चकचकीत कागदात मुरतच नाही, नुसती वर बसून राहते, हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. नंतर!

वर्षश्राद्धाला येडशीहून थोरली अक्का आली, अणदूरहून मावशी आली, भावकी आली. आई सवाष्ण गेलेली, त्यामुळं प्रत्येक बाईनं फोटोला हळद-कुंकू लावलं आणि लहानथोर सगळ्यांनी फोटोवर हात टेकवून तो आपल्या कपाळाला लावला. थोड्या वेळानं बघतो, तर अख्ख्या मांडवाच्या कपाळावर काळं!

"महाराजांनी कीर्तनाआधीच बुक्का लावला वाटतं सगळ्यांना," मी कौतुकानं म्हणालो.

"महाराज अजून यायचेत," सुनीता म्हणाली.

धावत फोटोपाशी गेलो. आईची हनुवटी गेली होती, एक गाल गेला होता, मोरणी बहुतेक मावशीच्या कपाळावर होती. उरलं होतं ते गोंदण आणि एक डोळा, आणि तो माझ्याकडंच बघत होता.

अक्का किंचाळली, "आरं, काय केलंस रं आईचं!"

एवढ्यात अण्णा उठून आले. त्यांनी फोटो बघितला, मग एकेकाचं कपाळ बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतोय.

"तीट लावल्याबिगर कुणाला सोडत होती का ती?" अण्णा म्हणाले. "बघा, समद्यास्नी लावली. मला एकट्यालाच ठिवलं व्हय?"

असं म्हणून त्यांनी फोटोवर बोट फिरवलं आणि हलकेच आपल्या कानामागं लावलं. अक्का रडता रडता हसायला लागली. मला तर काय करावं तेच कळेना, म्हणून मी नुसताच रडलो.

पुढं योग्य शाई आणून, नीट वाळवून, काच लावून मी दुसरा फोटो केला. आई आता भिंतीवर आहे, गोंदणासकट. पण तो भिंतीवर चढण्याआधीच, श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अण्णा धुवट धोतर नेसून, टोपी घालून दारात उभे होते.

"गाडी काढ. स्टुडिओत जायचंय."

"कशाला अण्णा?"

"माझा फोटू काढून, काच लावून आत्ताच ठिवतो. तुझ्या शाईच्या भरवशावर मरायची सोय न्हाय."

"अण्णा, ते लोक गोरं करतेत!"

"करू दे," अण्णा गाडीवर बसत म्हणाले. "गोरा झालो तरी चालंल, पर पावण्यांच्या कपाळाला लागाया नगं!"