अठरावा आवाज

आमच्या भावोजींचं खरं नाव दुकानाच्या कागदांवर आहे, पण आमचे हे त्यांना शेवटपर्यंत घुम्याच म्हणत आले. भावोजी म्हणजे काही सख्खे दीर नव्हेत. ह्यांचे मित्र आणि चष्म्याच्या दुकानातले भागीदार. काउंटरवर मी, आणि पार्टिशनच्या मागे हे दोघं काचा घासत, फ्रेममध्ये बसवत बसलेले. आमचे हे अखंड बडबडे. भावोजी दिवसभरात जेवढं बोलायचे तेवढं हे नुसत्या एका शिंकेबद्दल बोलायचे.

दोघांना एकच वेड, रॉकचं. तेही साधं, पाय हलवता येईल असलं नव्हे. प्रोग्रेसिव्ह म्हणे, आणि एक्सपेरिमेंटल. बावीस-बावीस मिनिटांचं एकेक गाणं. सात मात्रांवर सुरू होतं, अकरावर जातं, आणि मध्येच कुणीतरी कपाट ओढतं. मी म्हणायची, "अहो, हे गाणं आहे की कुणी घर बदलतंय?" तर हे म्हणायचे, "तू आपल्या फ्रेमा पूस."

दर वर्षी नव्याने निघालेल्या अल्बममधून दोघं मिळून बारा निवडायचे, एकेक करून ऐकायचे, गुण द्यायचे आणि शेवटच्या आठवड्यात पहिले तीन ठरवून यादी दुकानाच्या दारावर चिकटवायचे. एकोणीस वर्षं चाललं हे. अर्धी गिऱ्हाइकं ती यादी म्हणजे डोळे तपासायचा तक्ता समजून एक डोळा झाकून वाचायची. हे धाडसाला गुण द्यायचे, भावोजी टिकाऊपणाला. पाचव्यांदा ऐकतानाही नवं काही सापडतं का, एवढंच ते बघायचे. आणि ऐकता ऐकता हातून काच बिघडली, तर त्या अल्बमला एक गुण जादा. काच गेल्याचं दुःख दोघांपैकी एकालाही नसायचं, ते सगळं माझ्या वाट्याला!

पहिल्यांदा ऐकायचा मात्र कडक नियम होता. मशीन बंद ठेवायचं, बारीकसारीक हातकाम चालू. पाठीला पाठ करून बसायचं. बोलायचं नाही, वळायचं नाही, शेवटचा सूर विरेपर्यंत. नियम भावोजींनीच काढला होता. ह्यांचं तोंड बंद ठेवायला दुसरा उपाय नव्हता.

यंदाचा नववा अल्बम म्हणजे एकच सलग एक्केचाळीस मिनिटांची रचना. रिकाम्या गोदामात बसून वाजवलेली. गिटार, बासरी, ऑर्गन आणि पडणाऱ्या वस्तू. पोती पडतात, ट्रंका पडतात, एकदा तर दार पडतं. भावोजींना मोजायची सवय. एरवी मात्रा मोजायचे, त्या दिवशी पडण्याचे आवाज मोजत बसले. काचेच्या रिकाम्या पाकिटावर प्रत्येक धप्पला एक रेघ. अठरा रेघा झाल्या. अल्बम संपला, गुण काय दिलेस म्हणून विचारायला वळले, तर हे जमिनीवर. हातात बारीक स्क्रूड्रायव्हर तसाच.

डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलं असतं तर…" आणि पुढचं बोललेच नाहीत. मेल्यांनी वाक्य तरी पुरं करावं! त्या अर्ध्या वाक्याने भावोजींना पुरतं धरलं.

कारण महिन्याभराने त्यांनी तो अल्बम पुन्हा लावला, आणि रेघा आल्या सतरा. पुन्हा लावला, सतराच. मग रोज दुपारी चारला पार्टिशनच्या मागे ते गोदाम सुरू होऊ लागलं. स्पीकर ह्यांच्याच बाजूला होता, त्यामुळे आवाज रेकॉर्डमधला की खोलीतला, हे त्या दिवशी कळायला मार्गच नव्हता. आता मात्र भावोजी दर धप्पला वळून ह्यांच्या स्टुलाकडे बघत. पोतं पडलं की मान वळली, ट्रंक पडली की मान वळली. मी काउंटरवरून पार्टिशनच्या फटीतून बघायची आणि मनात मोजायची. समोर गिऱ्हाईक विचारतंय, "ही फ्रेम शोभते का हो?" आणि मी म्हणतेय, "आठ." कशाचे आठ ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

वर्ष संपत आलं तशी मीच विषय काढला. "भावोजी, यादी लावायची ना?"

"बाकीचे अकरा ऐकले," ते म्हणाले. "तीन बहिणींचा एक आहे, झकास आहे. तिघींच्या चाली तीन दिशांना जातात आणि तरी कुणी हरवत नाही. तुटक्या टाइपरायटरवाला ऐकायला मजेचा, पण तिसऱ्यांदा ऐकला की संपतो. त्याला आवडला असता."

"मग अडलंय कुठे?"

"तो कुठे बसवू?" कुठला ते विचारायची गरज नव्हती. "सगळ्यांत चांगला तोच आहे, वहिनी. पन्नास वेळा ऐकला तरी नवं सापडतं. पहिला नंबर द्यायला हात धजत नाही, आणि दुसरा दिला तर खोटं होईल." मग पाकीट माझ्यापुढे सरकवलं. त्यावरच्या अठरा रेघा बोटाने झाकल्या. "एकदा तुम्ही मोजाल? माझं चुकत असेल. अठरावा जर रेकॉर्डमध्ये असला ना, तर मी सुटलो."

माणूस इतका वाळला होता की नाही म्हणवेना. बसायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ह्यांच्या स्टुलावर बसले. पेन्सिल घेतली आणि रेघा ओढू लागले. विसाव्या मिनिटाला सगळं थांबून एकटी बासरी उरते. तिथे काही म्हणजे काही पडत नाही. तो आवाज तिथेच यायला हवा होता, हे मला भावोजींपेक्षाही पक्कं ठाऊक होतं. मी श्वास धरून वाट बघितली. बासरी वाजत राहिली. तिच्यावरून पुन्हा ऑर्गन आला, पुन्हा पोती पडली, आणि एक्केचाळीस मिनिटं संपली.

पेन्सिलीचं टोक अजून कागदावरच होतं. एक रेघ जास्त ओढली असती तर तो माणूस त्या रात्री निवांत झोपला असता. देवाशपथ, मी ओढणारच होते.

"खरं सांगा," भावोजी म्हणाले.

"सतरा."

त्यांनी नुसती मान हलवली. मला ते बघवेना.

"पण अठरावा मीपण ऐकला होता, भावोजी," मी म्हटलं. "बासरी चालू असताना. काउंटरवर एक बाई पाचवी फ्रेम नाकावर चढवून बघत होत्या. धप्प झालं तशी मी तिथूनच ओरडले, 'अहो, बंद करा ती तुमची आपटाआपटी!' अकरा पावलांवर होते मी. मला तर कुठला नियमही नव्हता. आत डोकावले असते तर काय बिघडलं असतं? ह्यांच्याशी मी शेवटचं बोलले ते हे."

तीन महिने हे मी पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. बोलून झालं आणि मी पदराने तोंड दाबून रडले.

भावोजींनी पाकीट आपल्याकडे ओढून घेतलं.

"तुमचं ओरडणं ऐकलं होतं मी," ते म्हणाले.

"मग?"

"हसलो. वळायचं नव्हतं ना. मला वाटलं, मागे तोही हसत असेल."